कामाचे तास आणि घरचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि पुढे एकतीस वर्षे मुलांस अंकगणित शिकविले. अंकगणितात ‘काळ, काम आणि वेग’ या नावाचे एक प्रकरण असते, ते आपणां सर्वांस आठवत असेलच. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब तेच काम १८ दिवसांत करतो; दोघे मिळून ते किती दिवसांत करतील? अशी उदाहरणे मी किती वेळा फळ्यावर मांडली असतील, याची गणती नाही. पण ‘अ’ काम अर्धे टाकून घरी का गेला, त्याच्या घरी कोणी आजारी होते काय, आणि त्यापायी त्याच्या मजुरीतून किती कापले गेले, हे प्रश्न त्या पुस्तकात कधी आले नाहीत. नोकरी संपल्यावर मात्र ते माझ्या दारी चालत आले. त्यांपैकी एका प्रश्नाचा हिशेब आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. मी कायदेपंडित नव्हे. परंतु वजाबाकी नेमकी कशातून करावयाची, एवढे समजले तर कायद्याची भीती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी मजकडे आली. पुण्यातील एका कंपनीच्या हिशेब खात्यात ती १४ वर्षे नोकरीस आहे. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता; मुलगा पाच वर्षांचा. आठवड्याच्या सहा दिवसांऐवजी तिने चारच दिवस यावे आणि पगार दोन तृतीयांश घ्यावा, यास कचेरी तयार होती. ती म्हणाली, “गुरुजी, पगाराचा तिसरा हिस्सा गेला तर आमचे घर कसे चालायचे?”

मी म्हटले, “अगं, तिसरा हिस्सा जातो हे तुला सांगितले कोणी? आधी मांडून तर पाहू.”

आता, कामाचे तास कमी व्हावेत ही इच्छा काही आजची नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, आणि तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे खटपट केली होती. पुढे कारखान्यांच्या कायद्याने आठवड्याचे तास १९२२ साली ६०, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८ असे उतरत आणले. परंतु ती कपात सर्वांची एकदम होत असे. आजचा प्रश्न निराळा आहे. आज एखादे घर आपल्यापुरते ठरविते की, आपल्यातील एकाने कमी काम करावे. तेथे संघटना नसते, पुढारी नसतो. असतो तो स्वयंपाकघरातील टेबलावरचा एक कागद. म्हणून तो कागद नीट लिहिला पाहिजे.

त्या मुलीचा वार्षिक पगार १८,००,००० रुपये. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे प्राप्तिकराचे नव्या पद्धतीचे दर धरू. पगारदारास प्रथम ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते, राहिले १७,२५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर शेकडा ५, त्यापुढील चारांवर १०, मग १५ आणि सोळा लाखांच्या वर २०. बेरीज १,४५,००० होते. तीवर शेकडा ४ उपकर धरला की एकूण कर १,५०,८०० रुपये. म्हणजे तिच्या हाती १६,४९,२०० रुपये पडत होते.

आता चार दिवसांचा पगार पाहा. दोन तृतीयांश म्हणजे १२,००,०००. वजावटीनंतर उरले ११,२५,०००; आणि त्या वर्षाच्या नियमाप्रमाणे करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कराची सगळी रक्कम माफ होते. अर्थात् बारा लाख मिळाले ते सगळेच्या सगळे हाती आले. पगार सहा लाखांनी कमी झाला, पण घरात येणारी रक्कम कमी झाली ४,४९,२०० रुपयांनी. जाणारा हिस्सा तिसरा नव्हे, चौथ्याहून थोडा अधिक. उरलेला तोटा सरकारने सोसला. चढत्या दराच्या कराचा हा गुण आहे: मिळकत वाढते तेव्हा तो वाटेकरी असतो, आणि मिळकत घटते तेव्हाही तो वाटेकरीच राहतो.

शिवाय सासूबाईंजवळ दिवसभर बसण्यासाठी जी बाई ठेवावयाची, तिला महिना २०,००० रुपये पडत होते. दोन दिवस सूनबाई घरी राहिली की त्यातील तिसरा हिस्सा वाचणार. तो वर्षाचा ८०,००० रुपये. तो वजा केला की तोटा ३,६९,२०० वर आला. दुसऱ्या बाजूस, कंपनी तिच्या प्रॉव्हिडंट फंडात जी शेकडा १२ ची भर घालते, ती कमी होणार. तिचे मूळ वेतन दरमहा ७५,००० होते, ते ५०,००० होणार. म्हणजे भर ९,००० वरून ६,००० वर येणार, वर्षास ३६,००० रुपयांची तूट. ही रक्कम महिन्याच्या पगारात दिसत नाही, म्हणून लोक ती विसरतात. ती धरून खरा तोटा ४,०५,२०० रुपये. आकडा लहान नव्हे. पण सहा लाखांचे जे भूत तिच्या मानगुटीवर बसले होते, ते उतरले.

येथे करासंबंधी आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या किंचित वर गेले तर एकदम साठ हजारांचा कर बसू नये, म्हणून कायद्याने अशी सोय केली आहे की, बारा लाखांच्या वर जेवढी मिळकत असेल तेवढाच कर घ्यावा. सोय चांगली आहे. पण तिचा अर्थ असा की, बारा लाखांपासून सुमारे १२,७०,००० पर्यंतच्या पट्ट्यात जे अधिक मिळवाल ते सर्व करात जाते. समजा, एकाचा पगार १३,४०,००० आहे. त्यास उपकर धरून ६७,६०० रुपये कर पडतो व हाती १२,७२,४०० राहतात. त्याच्याच शेजारच्या टेबलावरील गृहस्थ १२,७५,००० पगार घेतो. त्यास कर शून्य. पहिल्याने वर्षातून अठरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली असती, तर त्याच्या घरात दमडीही कमी आली नसती. अशा पट्ट्यात सापडलेल्या मनुष्याने आपले अठरा दिवस कोणास दिले, याचा विचार अवश्य करावा.

इतका हिशेब होताच त्या मुलीचा चेहरा उजळला. ती उठावयास निघाली. मी तीस म्हटले, “बस. अजून अर्धाच हिशेब झाला आहे.” हा उरलेला अर्धा हिशेब मला कसा कळला, ते सांगण्यासारखे नाही, पण सांगितल्यावाचून या भाषणास अर्थही नाही.

माझा धाकटा बंधू एका कारखान्याच्या कचेरीत होता. आमच्या मातोश्री त्याच्याकडे असत. २०१७ साली त्यांनी अंथरूण धरले. बंधूची सेवा तेव्हा २६ वर्षे झाली होती, निवृत्तीस दोन वर्षे उरली होती. त्याने मला विचारले. मी कागद-पेन्सिल घेतली, कर धरला, खर्च धरला आणि सांगितले, “अर्धा दिवस काम कर; दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.” त्याने तसे केले. आईची सेवा त्याच्या हातून उत्तम झाली. २०१९ साली तो निवृत्त झाला, आणि ग्रॅच्युइटीचा कागद हाती आला तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली.

ग्रॅच्युइटीचे सूत्र असे आहे: अखेरचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३६,४०० होते. त्या दराने एका वर्षास २१,००० आणि २८ वर्षांस ५,८८,००० रुपये झाले असते. परंतु त्याचे अखेरचे वेतन होते अर्ध्या दिवसाचे, १८,२०० रुपये. त्यामुळे एका वर्षास १०,५०० आणि २८ वर्षांस २,९४,०००. दोन वर्षे अर्धे काम केले, आणि अठ्ठावीस वर्षांची ग्रॅच्युइटी अर्धी झाली. ज्या २६ वर्षांत त्याने पुरा दिवस घाम गाळला होता, तीही अर्ध्या दराने मोजली गेली. कारखान्याने कायद्याबाहेर काही केले नव्हते. चूक सल्ल्याची होती, आणि सल्ला माझा होता. बंधूने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. त्यामुळे मला अधिकच लागते.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो, आणि ती सांगण्यासाठीच आज मी येथे बसलो आहे. काम किती कमी करावे, हा प्रश्न आपण सर्वजण विचारतो. केव्हा कमी करावे, हे कोणी विचारीत नाही. कायद्याने दिलेला प्रत्येक हक्क आपल्या साऱ्या आयुष्याकडे पाहत नाही. त्यास एक खिडकी असते, आणि त्या खिडकीतून जो पगार दिसतो तोच तो खरा मानतो.

ग्रॅच्युइटीची खिडकी सर्वांत अरुंद: फक्त अखेरचे वेतन. १९७२ च्या कायद्यात तसे होते, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दर अखेरच्या वेतनाचाच आहे. अपघाताने वा रोगाने अपंग होऊन जो कमी वेतनावर राहतो, त्याची आधीची वर्षे आधीच्या दराने व नंतरची नंतरच्या दराने मोजावीत, अशी दया कायद्याने दाखविली आहे. पण आई आजारी आहे म्हणून ज्याने आपण होऊन वेतन कमी करून घेतले, त्याच्यासाठी तशी तरतूद नाही.

कामगार पेन्शन योजनेची खिडकी थोडी रुंद आहे. तेथे अखेरच्या ६० महिन्यांची सरासरी घेतात. २०१४ च्या सप्टेंबरापूर्वी ती १२ महिन्यांची होती. परंतु याच वेळी पेन्शनपात्र वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. म्हणून माझ्या बंधूच्या पेन्शनला धक्का लागला नाही. त्याचे अर्धे वेतनही १५,००० च्या वरच होते. उलट त्या सप्टेंबरानंतर नोकरीस लागलेल्या एखाद्याचे वेतन १४,००० असेल आणि अखेरची पाच वर्षे ते ७,००० झाले, तर त्याच्या पेन्शनचा पायाच अर्धा होतो. एकच कृत्य एकास काही करीत नाही आणि दुसऱ्याचे म्हातारपण निम्मे करते, ते असे.

प्रसूतीच्या रजेची खिडकी तीन महिन्यांची आहे. पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांचा पगार मिळतो. पण तो रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजाने. त्या तीन महिन्यांत कमी वेतनाचा करार करून बसलेल्या मुलीस सहाही महिने तेच कमी वेतन मिळणार. घरातील वडीलधारी माणसे प्रेमाने सांगतात, “आता काम कमी कर.” सल्ला प्रेमाचा आहे, पण करार बदलण्याऐवजी शिल्लक असलेली पगारी रजा वापरली, तर प्रेमही राहते आणि पगारही राहतो.

कित्येकदा ही खिडकी लाभाच्या बाजूसही उघडते. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ च्या जानेवारीत २१,००० रुपये करण्यात आली. ही योजना लागू असलेल्या एखाद्या कचेरीतील कारकुनाचा पगार २२,५०० असेल तर तो त्या मर्यादेबाहेर. सहा दिवसांऐवजी पाच दिवस काम केले तर पगार १८,७५० होतो आणि तो आत येतो. त्याच्या वेतनातून शेकडा पाऊण, म्हणजे सुमारे १४१ रुपये कापले जातात. आणि त्याच्यासह घरच्यांच्या औषधोपचाराची सोय होते. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर स्वतःच्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत शेकडा ७० वेतनही मिळते. ज्याच्या घरी दुखणे आहे, त्याने हा मेळ घालून पाहावा.

आता त्या मुलीच्या हिशेबाकडे वळू. तिने कायमचे दोन तृतीयांश वेतन पत्करले आणि त्याच वेतनावर नोकरी सोडली, तर एकट्या आजवरच्या १४ वर्षांवर तिची ग्रॅच्युइटी सुमारे २,०२,००० रुपयांनी घटते. पण तीच मुलगी तीन वर्षे कमी काम करून पुन्हा पूर्ण वेतनावर आली व मग केव्हातरी निवृत्त झाली, तर ग्रॅच्युइटीत एक पैसाही कमी होत नाही. कमी कामाची तीन वर्षेदेखील पूर्ण दराने मोजली जातात. मध्येच कमी केलेले काम कायदा विसरतो, शेवटी कमी केलेले काम तो विसरत नाही.

मी तिला तीन गोष्टी लेखी मागावयास सांगितल्या. पहिली, परत येण्याची तारीख. दुसरी, वेतनाचा दर तोच ठेवून न आलेल्या दिवसांची मंजूर बिनपगारी रजा धरता येईल काय. कारण रीतसर मंजूर झालेल्या रजेने सेवेत खंड पडत नाही आणि दरही अबाधित राहतो. तिसरी, ते जमत नसेल तर ग्रॅच्युइटी दोन दरांनी मोजण्याचे कबूलपत्र. कायद्याहून अधिक देण्यास कायदा आडवा येत नाही. माझ्या बंधूने असा एक कागद घेतला असता, तर त्यास ५,६७,००० रुपये मिळाले असते. तोटा २,९४,००० न होता २१,००० झाला असता. एका कागदाची किंमत पावणेतीन लाखांच्या घरात होती, आणि तो कागद मागण्याचे मला सुचले नाही.

जाता जाता मी तिला सहज विचारले, “यजमान किती दिवस कमी करणार?” ती काही बोलली नाही. हा प्रश्न त्यांच्या घरात कोणी काढलाच नव्हता. दोघांचा पगार जवळजवळ सारखा. म्हणून मी तोही हिशेब मांडला. दोघांनी एकेक दिवस कमी केला तर प्रत्येकाचा पगार १५,००,००० होतो, कर ९७,५०० पडतो व हाती १४,०२,५०० राहतात. दोघांचा मिळून तोटा ४,९३,४००. तिने एकटीने दोन दिवस कमी केले तर तोटा ४,४९,२००. म्हणजे एकीनेच सारा भार उचलणे वर्षास ४४,२०० रुपयांनी स्वस्त पडते. कारण तिचे उत्पन्न थेट करमाफीच्या आत जाऊन बसते. अंकगणित खोटे बोलत नाही, म्हणून हा आकडा मी लपविला नाही. पण त्याचा दुसरा अर्थही तिला सांगितला: सासूबाईंची सेवा त्यांच्या मुलाच्याही वाट्यास यावी आणि तुझी बढती तुझ्या एकटीच्या अंगावर मागे पडू नये, याची किंमत महिना ३,७०० रुपयांहून कमी आहे. ती द्यावी की न द्यावी, हे अंकगणित सांगू शकत नाही; ते तुम्ही दोघांनी बसून ठरवावे.

पुढच्या रविवारी दोघे मिळून आले. यजमानांनी माझा कागद दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाले, “गुरुजी, मला हे कोणी विचारलेच नव्हते.” आता सोमवारी ती घरी असते, गुरुवारी तो असतो. दोघांच्याही कचेऱ्यांकडून परतीची तारीख लेखी घेतली आहे. तिच्या कचेरीने दोन दरांचे कबूलपत्र दिले. त्याच्या कचेरीने दिले नाही, म्हणून त्याने आपली तारीख एक वर्ष अलीकडची घेतली. सासूबाईंचा उजवा हात आता थोडा हलू लागला आहे.

श्रोतेहो, दर बदलतात, मर्यादा बदलतात. आज सांगितलेले आकडे त्या त्या वर्षांचे आहेत, आणि आपला कागद लिहिण्यापूर्वी आपण चालू वर्षाचे आकडे घ्यावेत. पण कागदावरील प्रश्न बदलत नाहीत. कर जाऊन हाती किती उरते? प्रत्येक हक्क कोणत्या दिवसाच्या पगाराकडे पाहतो? परत केव्हा यावयाचे? आणि वेळ कोणी द्यावयाचा? या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहा, मग साहेबांकडे अर्ज लिहा. आजाऱ्याजवळ बसलेली वेळ कधीच वाया जात नाही. पण तिची किंमत आपण जाणून दिलेली असावी, मागाहून कळलेली नसावी.